दोन बोटं मार्जिन

आरशासमोर ट्रायलला उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरने मान न वळवता, आरशातूनच विचारलं, "मास्तर, राग मानू नका, पण तुमची स्वतःची पँट कोणी बिघडवली?" मास्तरच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे राग मानायला तोंडात जागा नव्हती. त्याने खाली पाहिलं. डाव्या पायावर पँट बुटाला टेकून शहाण्यासारखी थांबली होती. उजव्या पायावर मात्र ती घोट्याच्या वरच राहिली होती, जिना उतरता उतरता आपण कशाला निघालो होतो तेच विसरून एखादा मधल्या पायरीवर थांबावा तशी. मोजा दिसत होता. मोज्यातलं भोक दिसत होतं. "कापड आटलं असेल," डॉक्टर समजुतीने म्हणाला. "आमच्याकडे हिरड्या आटतात." "एकाच पायाचं?" मास्तरने टाचण्यांच्या फटीतून विचारलं. "हिरड्यासुद्धा कधी कधी एकाच बाजूच्या आटतात," असं म्हणून डॉक्टर पुन्हा स्वतःच्या प्रतिमेकडे वळला. त्याच्यापुरता विषय संपला होता. मास्तरने त्याच्या पाठीवर खडूची एक रेघ ओढली, मग ती पुसली, मग पुन्हा तीच ओढली.

त्या शिंप्याच्या दुकानात तो कटर होता. म्हणजे कापड कापायचं त्याने, शिवायचं दुसऱ्यांनी, आणि बिघडलं तर ओरडायचं मालकाने. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, उतार राहत. रस्त्यात कोणी हात केला तर आधी तो त्याचे खांदे बघायचा, मग कंबर, आणि मग आठवायचं की अरे, हा तर आपला साडू. डॉक्टरचा उजवा खांदा लोकांच्या तोंडात वाकून वाकून दोन बोटं उतरलेला होता, आणि गेली कित्येक वर्षं मास्तर त्या खांद्याखाली गुपचूप जाड पॅड भरत आला होता. डॉक्टरला वाटायचं आपण सरळ आहोत. हे वाटणं मास्तरने शिवून दिलेलं होतं. हा नियम त्याच्या वडिलांचा. वडील याच धंद्यातले. गिऱ्हाइकाचं वाकडेपण कापडात जिरवायचं आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी मुलाला कात्री धरायला शिकवायच्याही आधी शिकवलं होतं. बँकेतला एक पोक आलेला माणूस आयुष्यभर त्यांच्याकडून कोट शिवून घ्यायचा. एकदा प्रवासात त्याची पेटी हरवली आणि त्याला दुसऱ्याचा कोट घालावा लागला. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला पोक आहे. परत आल्यावर तो थेट दुकानात येऊन म्हणाला, "इतकी वर्षं फसवलंत मला." वडील म्हणाले, "फसवलं नाही. बसवलं." मग तो माणूस थोडा वेळ रडला, आणि जाताना दोन कोटांची मापं देऊन गेला. मास्तर तेव्हा टेबलाखाली बसून चिंध्या वेचत होता. त्याला त्या माणसाचं फार हसू आलं होतं. स्वतःच्या पाठीचा पत्ता नसणं म्हणजे कमालच झाली, असं त्याला वाटलं होतं.

आणि आता ज्याला भर रस्त्यात चालत्या माणसाच्या कमरेतला अर्ध्या बोटाचा फरक दिसतो, त्याला स्वतःच्या पायातला एवढा फरक दिसला नव्हता. कारण सोपं होतं. गेले कित्येक महिने त्याने आरशात पाहिलंच नव्हतं. आरसा गिऱ्हाइकांसाठी असतो. शिवाय आरशात जो माणूस दिसायचा तो त्याला आवडेनासा झाला होता. युनिफॉर्मच्या निळ्या कापडाचा तागा उचलताना कमरेत काहीतरी बारीकसं सरकलं होतं, आवाजसुद्धा झाला नव्हता. तागा त्याने व्यवस्थित टेबलावर ठेवला, हात झटकले, आणि मग खाली बसला तो तिघांनी मिळून उठवेपर्यंत. त्यानंतर दुखणं पायात उतरलं. नुसतं उतरलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते शिवणीने उतरलं. डाव्या कुल्ल्यातून निघायचं, मांडीच्या बाहेरच्या कडेने खाली यायचं, गुडघ्याला वळसा घालून पोटरीच्या बाजूने सरळ घोट्यापर्यंत, आणि तिथून पावलावर तिरकं जाऊन अंगठ्यात संपायचं. पँटची बाजूची शिवण जिथून जाते तिथूनच, एका टाक्याचीही चूक नाही. कोणीतरी आतून त्याला शिवत होतं आणि त्याचा हात साफ होता. धंद्यातला माणूस म्हणून त्याला त्या कामाचं कौतुक वाटायचं, एवढंच की शिवणारा दुपारच्या जेवणालासुद्धा सुट्टी घेत नव्हता. अंगठा बधिर झाला. आंघोळ करताना तो साबण लावायचा तेव्हा आपण कोणा परक्या माणसाचा पाय धुतो आहोत असं वाटून त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. आणि दुखणं चुकवायला शरीराने स्वतःच एक तोडगा काढला. ते उजवीकडे कललं. डावी टाच उचललेली, सगळा भार उजव्यावर, धड एका बाजूला सरकलेलं. कोणीतरी कानात काही सांगतंय आणि आपण ऐकायला झुकलोय, असा तो दुकानात उभा राहायचा. मालक म्हणाला, "मास्तर, तुम्ही असे उभे राहता की मलाच वाकडं व्हावंसं वाटतं." मग त्याने मास्तरला आरशाजवळच्या स्टुलावर बसवलं, मापं घ्यायला, आणि कापायच्या टेबलावर बटणांचे खोके रचले. "सरळ झालात की टेबल तुमचंच," मालक म्हणाला. "तोवर कापड बाहेरून कापून आणू." त्याचा स्वभाव वाईट नव्हता. दर सकाळी तो विचारायचा, "काय, किती सरळ?" आणि मास्तर हाताने थोडंसं दाखवायचा, आणि खोके तिथेच राहायचे.

मणक्याचा डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला होता की दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर बसली आहे. "उठवता येत नाही का तिला?" मास्तरने विचारलं. "बहुतेक वेळा आपणहून उठते. वेळ घेते." "आणि नाही उठली तर?" "पायातली ताकद कमी झाली तर ऑपरेशन. तोवर गोळ्या, व्यायाम, फार तर इंजेक्शन." मग त्याने विचारलं, दुखतं ते दहापैकी किती? मास्तरने हा प्रश्न मनावर घेतला, कारण माप देणं त्याला हलक्यात घेता येत नसे. "दहा म्हणजे काय?" "तुम्हाला कल्पना करता येईल अशी सगळ्यात मोठी वेदना." मास्तर पेचात पडला. दुखणं वाढलं की कल्पनाही वाढत होती. टेपच ताणली जात होती. "सात," तो म्हणाला. पुढच्या खेपेला रात्र रात्र उभ्याने काढून गेला तरी त्याच्या तोंडून सातच आलं, आणि डॉक्टर म्हणाला, "छान, म्हणजे वाढलेलं नाही." व्यायाम शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, कडक पृष्ठभागावर पालथं झोपा आणि कोपरांवर छाती उचला. घरात जमिनीवर झोपलं की उठता यायचं नाही, म्हणून दुपारी दुकान रिकामं असताना तो खोके बाजूला सारून आपल्या जुन्या टेबलावर पालथा पडायचा. एकदा मालक आत आला आणि बराच वेळ बघत राहिला. "मास्तर, हे काय?" "व्यायाम." "ते दिसतंय. खाली कोणाचं कापड आहे?" मास्तरने नाकाखाली पाहिलं. "कोर्टातल्या साहेबांचं." "मग साहेब यायच्या आत होऊ द्या," मालक म्हणाला आणि दार हळूच ओढून घेऊन गेला. त्या टेबलावर पडल्या पडल्या मास्तरला आपल्या आयुष्यात कापलेली सगळी माणसं आठवायची, डोकं नसलेली, हात वेगळे, पाय वेगळे, खडूने आखलेली, एकावर एक रचलेली. त्यातल्या कोणाचंच काही दुखत नव्हतं.

शेवटी इंजेक्शन. पालथं झोपवून, यंत्राच्या पडद्यावर बघत बघत सुई आत आत जात होती आणि अचानक तीच शिवण, कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत, एका झटक्यात उसवल्यासारखी पेटली. "हीच का तुमची?" डॉक्टरने विचारलं. चोरीचा माल ओळखायला बोलावतात तसा त्याचा स्वर होता. "हीच," मास्तर म्हणाला. गर्दीत हरवलेली आपलीच पिशवी दिसावी तसं त्याला क्षणभर बरंही वाटलं. "मग योग्य जागी आहोत. सूज उतरेल. टिकेल किती ते सांगता येत नाही." काही दिवसांत शिवणारा हळूहळू थांबला. एका सकाळी मास्तर चप्पल शोधत होता आणि त्याच्या लक्षात आलं की आपण दोन्ही पायांवर उभे आहोत. त्याने मोजून पाहिलं. दोन्ही. त्या दिवशी दुकानात त्याने स्वतः खोके उचलून ठेवले, मालक "अहो, अहो" करत राहिला. कात्री कापडातून जाताना तो आवाज आला, जो ऐकून त्याला लहानपणी झोप लागायची. तो इतका सुखात होता की त्याने कोणाला सांगितलंही नाही. फक्त सगळं जग त्याला जरा डावीकडे कललेलं वाटायचं, पण ते जाईल असं त्याला वाटलं. आणि मग हा दातवाला आला आणि आरशातून बोलला.

डॉक्टर गेल्यावर मास्तर मागच्या खोलीत गेला, पँट काढली आणि उलटी करून टेबलावर पसरली. काठाची दुमड हाताने घातलेली होती, बारीक, दाबलेली, वरून न दिसणारी. असे टाके एकाच बाईचे असू शकत होते. दुकानाची हातशिलाई, काजं, बटणं, सगळं त्याची बायको घरी बसून करायची. म्हणजे त्याचा कल बघून, पँटचा उजवा पाय जमिनीला घासतो हे बघून, तिने कधीतरी गुपचूप उजवा पाय आखूड केला होता. इथपर्यंत त्याला रागही आला नाही. त्याने नुसती दुमड उसवली, की दोन बोटं खाली सोडू आणि संपवू. आणि हात थांबला. दुमडीत काही नव्हतं. मार्जिन कापून टाकलेलं होतं. कोणताही शिंपी आखूड करताना जादा कापड आतच दुमडून ठेवतो. पोर वाढतं, माणूस सुटतो, पँट भावाकडे जाते, कधीही खाली सोडावी लागते. मार्जिन कापायचं ते फक्त एकाच वेळी, जेव्हा हे माप आता बदलणार नाही याची खात्री असते. मास्तर पँटशिवाय उभा होता. मालक कशाला तरी आत आला, त्याच्याकडे बघून म्हणाला, "आज व्यायाम उभ्याने?" आणि परत गेला.

घरी बायको खिडकीशी बसून कोणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती. तिच्या ओठांत नेहमी टाचण्या किंवा दोरा असायचा, त्यामुळे तिचं हो आणि नाही दोन्ही एकाच आवाजात यायचं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरला त्यातला फरक पक्का कधी कळला नव्हता. "ही पँट आखूड कोणी केली?" तो म्हणाला. "कुठली?" "ही. आणि कपाटातल्या चारही. आत्ता बघितल्या." तिने टाचण्या काढून उशीला टोचल्या, सावकाश. "घासत होत्या. चिखल घेऊन यायचात घरात." "मला सांगायचं नाही?" "तुम्हीच सांगता ना, गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही." "मी गिऱ्हाईक आहे का?" "गिऱ्हाईक असतात ते माप तरी नीट देतात. तुम्ही झोपल्यावर घेतलं मी." झोपल्यावर, म्हणजे तो उजव्या कुशीवर, गुडघा पोटाशी घेऊन, तोंड उघडं टाकून पडलेला असताना ही टेप घेऊन बसली होती. "ते जाऊ दे," तो म्हणाला. "मार्जिन का कापलंस?" खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. "जाड होत होतं," ती शेवटी म्हणाली. "घोट्याला लागलं असतं." पँटचं कापड इतकं तलम होतं की चार घड्या घातल्या तरी आरपार फुंकर गेली असती. हे दोघांनाही माहीत होतं. तिने पुन्हा टाचण्या तोंडात घेतल्या. मास्तरने विचारलं, "म्हणजे मी असाच राहणार असं वाटलं तुला?" आणि ती "हूं" म्हणाली, किंवा "ऊंहूं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने राखाडी कापड आणलं आणि आपल्या टेबलावर स्वतःसाठी पँट कापली. दोन्ही पाय सारखे. दोन पाय सारखे कापणं हे धंद्यातलं पहिल्या दिवसाचं काम, पण तो ते करताना श्वास धरून होता. खाली त्याने इतकं मार्जिन सोडलं की मालक थांबला. "मास्तर, या वयात उंची वाढायची आहे का?" "सांगता येत नाही." "नाही, वाढलात तर आधी कळवा, दाराची चौकट बदलावी लागेल." पँट शिवून झाली, काठ तेवढे मोकळे ठेवून त्याने ती बायकोपुढे नेऊन ठेवली. तिने कापड बोटांत धरून पाहिलं, दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून पाहिले, आणि मार्जिनच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा. त्यांना पोर नव्हतं. "उद्या घालून दाखवा," ती म्हणाली. "टाचून देते." तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्याला वाटलं तिला लाज वाटते आहे. नंतर त्याला वाटलं, कदाचित आशा असेल. दोन्हींची ओळख त्याला कमीच.

त्या उद्याच्या दुपारी दातांचा डॉक्टर सूट न्यायला आला. सूट फार छान बसला होता. उतरलेला खांदा पॅडवर आरामात टेकून होता. डॉक्टर खुशीत येऊन एक विनोद सांगू लागला. एक माणूस दात काढायला येतो, डॉक्टर विचारतो कुठला, माणूस म्हणतो तुमचा कुठलाही काढा, मी फक्त बघायला आलोय. विनोद एवढाच होता. मास्तर हसला. कितीतरी दिवसांत तो पोटापासून हसला नव्हता, आणि हे हसू खरंच खालून, कमरेतून निघालं, आणि तिथेच काहीतरी बारीकसं सरकलं. त्याने भिंत धरली. कुल्ला, मांडी, गुडघ्याचा वळसा, पोटरी, घोटा, अंगठा. शिवणारा सुट्टीवरून परत आला होता आणि सुट्टीने त्याचा हात आणखीच साफ झाला होता. मास्तरच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंड उघडं पडलं, खांदे हलू लागले. डॉक्टर आधी सुखावला, मग जरा संकोचला. "पुरे हो मास्तर," तो म्हणाला, "इतका काही चांगला नव्हता." आणि जाताना मालकाला म्हणाला, "रसिक माणूस आहे तुमचा." मालक मास्तरकडे बघत राहिला. त्याने त्या दिवशी किती सरळ ते विचारलं नाही. थोड्या वेळाने तो बटणांचा एक खोका घेऊन आला आणि टेबलाच्या अगदी कडेला, तात्पुरता ठेवल्यासारखा, ठेवून गेला.

घरी जाताना मास्तर एका बंद दुकानाच्या काचेसमोरून गेला आणि सवयीने त्याने काचेतल्या माणसाचा उतार वाचला. धड उजवीकडे, डावी टाच उचललेली. मग नजर खाली गेली. अंगावर जुनीच पँट होती, आखूड केलेली. दोन्ही काठ जमिनीपासून एका रेषेत होते, एका केसाचा फरक नाही. फार सुंदर बसली होती. असं काम त्याने स्वतः आयुष्यात क्वचित केलं होतं. काचेतला माणूस दुरून पाहिला तर सरळ वाटत होता. मास्तर बराच वेळ तिथे उभा राहिला आणि त्याला तो बँकेतला माणूस आठवला, दोन कोटांची मापं देऊन गेलेला. त्याचं हसू का आलं होतं ते काही केल्या आठवेना.

बायको नवी पँट हातात घेऊन वाट बघत होती. कपाटाच्या आरशासमोर तिने पाट सरकवून ठेवला होता, दुकानात गिऱ्हाइकासाठी ठेवतात तसा. त्याने भिंतीकडे तोंड करून पँट बदलली, पाटावर चढला, आणि शरीराला सांगितलं, आता. शरीर उभं राहिलं. क्षणभर, दोन क्षण, दोन्ही पाय सारखे, घाम कानामागून ओघळत होता, आणि आरशात राखाडी पँटमधला एक सरळ माणूस दात आवळून त्याच्याकडे बघत होता. ती खाली बसली होती, टाचण्या ओठांत, खडू हातात. तिने डाव्या पायाला खूण केली. मग उजव्याकडे वळली आणि तेवढ्यात शिवण पेटली आणि तो कलला, झाडाची फांदी कलते तसा, आवाज न करता. उजव्या पायाचं कापड पाटावर सांडलं. तिचा हात खडूसकट हवेत राहिला. तिने वर पाहिलं नाही. ती फक्त त्या सांडलेल्या कापडाकडे बघत होती, आणि तो आरशातून तिच्या भांगाकडे. कळू द्यायचं नाही, हा नियम दोघांनाही पाठ होता, पण आता गिऱ्हाईक कोण आणि शिंपी कोण ते ठरत नव्हतं. मग तिने दोन बोटं मोजली, खडूची रेघ ओढली, आणि जादा कापड आत दुमडायला घेतलं. एकदा दुमडलं, पुन्हा दुमडलं. त्याने सोडलेलं सगळं मार्जिन, आणि ही दोन बोटं, सगळं त्या एका पायात मावेना. घोट्याशी एक गाठोडं झालं. तिने ते हाताने दाबून धरलं, जोराने, जसं काही थोड्या वेळाने बसेल.

"काप," मास्तर म्हणाला.

तिने मान हलवली. तोंडातून आवाज आला. या वेळी त्याला तो नीट कळला, तो नकार होता.

"अगं, काप. जाड होतंय," तो म्हणाला. "घोट्याला लागेल."

मग तिने एक एक करून टाचण्या तोंडातून काढल्या आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "हो. लागेलच." कात्री त्याची होती, मोठी, वडिलांची, आणि तिला ती दोन्ही हातांनी धरावी लागत असे. त्याला झोप आणणारा तो आवाज त्याच्या स्वतःच्या घोट्याभोवती सावकाश फिरून आला. कापडाची पट्टी पाटावरून घसरून जमिनीवर पडली. ती उचलायला मास्तर वाकू शकत नव्हता, आणि बायको, समोरच बसलेली असून, त्या पट्टीकडे बघत नव्हती.